अंगावर काढू नका, कानावर घाला

पत्र

ताई,

बायपोलरचं (मूड कधी टोकाला चढण्याच्या, कधी खोल उतरण्याच्या आजाराचं) निदान होऊन पंधरा वर्षं झाली. आता माझं वय चव्वेचाळीस. त्यावरचं औषध लिथियम तेव्हापासून चालू आहे. सहा वर्षांपूर्वी शेवटचा मेनिया (मूड टोकाला चढण्याचा झटका) झाला, त्यानंतर रात्रीची क्वेटियापिनही लागली. तेव्हापासून एकदाही ॲडमिट व्हावं लागलं नाही. नोकरी टिकली, घर टिकलं. सगळे म्हणतात, किती छान आहे तुझं आता. पण छान फक्त डोकं आहे. बाकी अंगाचं काय झालंय ते माझं मलाच ठाऊक.

या सहा वर्षांत वजन एकोणीस किलो वाढलं. थायरॉइडची गोळी लागली. रात्री चार-चार वेळा लघवीला उठते, पाण्याची बाटली हातातून सुटत नाही. हात आधीपासूनच थरथरायचे, पण गेल्या तीन-चार महिन्यांत फारच. मी शिक्षिका आहे. फळ्यावर अक्षर वेडंवाकडं येतं, मुलं एकमेकांकडे बघून हसतात. सही जुळली नाही म्हणून बँकेतून चेक परत आला. मध्ये बीपी निघालं. फॅमिली डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि मीठ कमी करा म्हणाले, ते मी जवळजवळ बंदच केलंय. वजनामुळे गुडघे दुखतात, त्यासाठी अधूनमधून पेनकिलर घेते. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.१ आलं. पाच वर्षांपूर्वी ०.८ होतं. रिपोर्टवर दोन्ही नॉर्मल.

मनोविकारतज्ज्ञांकडे तीन महिन्यांनी जाते. झोप कशी, मूड कसा, आणि तीच चिठ्ठी पुढे चालू. हे सगळं त्यांना सांगायची लाज वाटते. वाटतं, म्हणतील, जीव वाचला आणि ही वजनाचं रडगाणं गातेय. मिस्टर म्हणतात, सहा वर्षं काही झालं नाही, आता कशाला हव्यात गोळ्या. जाऊ म्हणते, तू गोळ्यांनी फुगलीयस. तीन आठवड्यांपासून मी कुणाला न सांगता लिथियमची एक गोळी कमी केली आहे. थरथर जराशी कमी वाटतेय. हे बरं चाललंय की मी घोळ घालतेय? आणि आयुष्यभर हे असंच सोसायचं का?

– ओळख नको

उत्तर

आधी एक काम सांगते, मग बाकीचं बोलू. उद्या सकाळी तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन करा आणि तीन गोष्टी त्यांच्या कानावर घाला: लिथियमची एक गोळी तुम्ही कमी केली आहे, पेनकिलर चालू आहे, आणि बीपीची अमुक नावाची गोळी सुरू झाली आहे. पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. ते भेटले नाहीत तर त्यांच्या दवाखान्यात निरोप ठेवा आणि तोवर फॅमिली डॉक्टरांना गाठा.

एवढी घाई का, ते सांगते. वजन, थरथर, लघवी यांबद्दल तुम्ही पोटतिडकीने लिहिलंत आणि पेनकिलर मात्र एका ओळीत उरकलीत. माझी नजर नेमकी तिथेच अडकली.

लिथियम हा एक क्षार आहे. शरीर त्याचं काही करत नाही, जसं आत जातं तसंच ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड त्याला जवळजवळ मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. अंगात मीठ किंवा पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम सोडायचं कमी करतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही अडकून राहतं. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातलं प्रमाण चढतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या जातीच्या पेनकिलरचाही परिणाम हाच. बीपीच्या गोळ्यांत ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येतं त्यांचा, आणि थायाझाइड जातीच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचाही हाच. हे थायाझाइड बऱ्याचदा दुसऱ्या औषधाच्या जोडीला एकाच गोळीत असतं आणि पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं. चष्मा लावून वाचा.

म्हणजे तुमच्याकडे मीठ बंद, पेनकिलर चालू आणि बीपीची नवी गोळी असं तिन्ही एकदमच जमून आलंय. थरथर गेल्या तीन-चार महिन्यांत वाढली असं तुम्ही म्हणता. बीपीची गोळी कधी सुरू झाली ते मात्र लिहिलेलं नाही. जुनी चिठ्ठी काढून तारीख बघा. ती त्याच सुमाराची निघाली तर मला नवल वाटणार नाही.

मिठाची ही भानगड लिथियमइतकीच जुनी आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मेनियाच्या रुग्णांना लिथियम देऊन त्याचे निष्कर्ष छापले. त्याच सुमारास अमेरिकेत लिथियम क्लोराइड चक्क मिठाला पर्याय म्हणून विकलं जात होतं, तेही हृदयविकार आणि बीपीच्या रुग्णांना, म्हणजे ज्यांना मीठ वर्ज्य होतं त्यांनाच. काही माणसं दगावली आणि १९४९ मध्येच तो माल बाजारातून उचलावा लागला. मेनियावरचं औषध म्हणून अमेरिकेत लिथियमला मान्यता मिळायला १९७० साल उजाडलं. तोवर एक सोय हाताशी आली होती, रक्तातलं लिथियम मोजण्याची. आज हे औषध निर्धास्तपणे देता येतं ते त्या तपासणीच्या जोरावर. तुमच्या पत्रात क्रिएटिनिन आहे, थायरॉइड आहे, वजन किलोनिशी आहे. लिथियमची पातळी मात्र कुठेच नाही.

ती आता लगेच करून घ्या. रक्त द्यायचं ते शेवटची गोळी घेतल्यावर बारा तासांनी. सकाळी गोळी घेत असाल तर त्या दिवशी आधी रक्त, मग गोळी. आजार आटोक्यात ठेवण्यासाठी पातळी साधारण ०.६ ते ०.८ पुरते (रिपोर्टवर एकक मिलिमोल असो की मिलिइक्विव्हॅलंट, आकडा तोच). १.५ च्या वर गेली की विषबाधेचं क्षेत्र सुरू होतं आणि काहींना त्याच्या अलीकडेच त्रास होतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिल्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी ही तपासणी पुरते. पण मूत्रपिंड किंवा थायरॉइडची तक्रार असेल, किंवा लिथियमशी न जमणारी औषधं चालू असतील तर दर तीन महिन्यांनी. तुम्ही दुसऱ्या गटात बसता.

आणि हे फ्रिजवर चिकटवून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असं: थरथर इतकी वाढली की पेला धरवत नाही, उलट्या-जुलाब सुरू झाले, जीभ जड होऊन बोलणं अडखळायला लागलं, चालताना तोल जातोय, गुंगी आल्यासारखं होतंय, यांतलं काहीही दिसलं तर लिथियमची पुढची गोळी घ्यायची नाही आणि थेट इमर्जन्सीमध्ये जायचं. 'सकाळपर्यंत बघू' म्हणायचं नाही.

आता घोळ घालताय का, ते. कारण खरं आहे, रस्ता चुकलाय. एक गोळी कमी केल्यावर थरथर कमी झाली, ही डॉक्टरांच्या फार कामाची माहिती आहे. तुमची पातळी कदाचित गरजेपेक्षा वर होती, एवढं त्यावरून म्हणता येतं. पण पुढचं बघा. उद्या मी सांगते म्हणून तुम्ही पेनकिलर बंद केली आणि मीठ पूर्ववत केलं, की पातळी खाली येणार. त्यात गोळी आधीच एक कमी. मग ती इतकी उतरू शकते की लिथियम घेऊनही आजारापासून संरक्षण नाही. पत्रातून डोस ठरवता येत नाही तो यासाठीच. फोन होईपर्यंत आणखी कमी करू नका आणि कमी केलेली गोळी आपल्या मनाने परत सुरूही करू नका. गुडघ्यांसाठी पॅरासिटॅमॉल चालेल, त्याने लिथियम वाढत नाही, फक्त पाकिटावरची मर्यादा ओलांडायची नाही. बीपीची गोळी स्वतःहून थांबवायची नाही. ती लिथियमशी न पटणारी निघाली तर बदलून मिळते, पटणाऱ्या गोळ्या आहेत. मीठ एकदम तोडायचंही नाही आणि एकदम वाढवायचंही नाही. रोज साधारण सारखं असलं की लिथियमही सारखं राहतं.

मिस्टरांचं 'सहा वर्षं काही झालं नाही' हे वाक्य आम्ही मनोविकारतज्ज्ञ रोज ऐकतो आणि त्यामागे प्रेमच असतं. तुमचे हाल त्यांना बघवत नाहीत. पण ती सहा वर्षं कुणामुळे शांत गेली, हा प्रश्न उरतोच. लिथियम झटक्यात थांबवलं तर आजार, विशेषतः मेनिया, उलटण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत जास्त असतो. आत्महत्येचा धोका कमी करणारी जी थोडी औषधं आहेत, त्यांत लिथियमचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, आणि ते बंद केल्यावर तो धोका पुन्हा वाढतो. बंद करायचंच ठरलं तर किमान चार आठवडे आणि शक्यतो तीन महिन्यांत हळूहळू उतरवावं, असं नाइसचं सांगणं. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पंधरा वर्षांनंतर 'मला खरंच एवढा डोस लागतो का' असं विचारण्याचा तुम्हाला पुरता हक्क आहे. तो प्रश्न तुम्ही स्वयंपाकघरात एकटीनेच सोडवायला घेतलात, एवढीच माझी हरकत.

आता रडगाण्याबद्दल. हे मला जरा रागावूनच लिहायचं आहे, पण राग तुमच्यावर नाही.

आमच्या पेशात मोठी खोड आहे. रुग्ण शांत बसलाय, नीट बोलतोय, झोपतोय, की आम्ही खूश. समोरची बाई एकोणीस किलोने वाढली हे आमच्या डोळ्यांना दिसत असतं, पण चिठ्ठीवर 'स्थिर' लिहून आम्ही पुढच्या रुग्णाला बोलावतो. त्यात शरीराच्या तक्रारी फॅमिली डॉक्टरांकडे आणि मनाच्या आमच्याकडे अशी वाटणी होते. तुमची बीपीची गोळी याच वाटणीतून आली. देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लिथियम होतं की नाही देव जाणे, आणि लिथियम देणाऱ्याला बीपीचा पत्ताच नाही. दोघांच्या मध्ये तुम्ही एकट्या, आणि तुम्ही गप्प.

गप्प बसण्याची किंमत मोजावी लागते. कुरकुर करणारे रुग्ण औषध सोडताना आम्हाला क्वचित दिसतात. निमूटपणे सोसणारे एक दिवस निमूटपणे गोळ्या थांबवतात आणि आम्हाला कळतं ते ॲडमिट झाल्यावर. तुम्हीही त्याच वाटेवर होतात, तीन आठवडे आत गेला होतात.

दुसरं असं की हे दिसण्याबिसण्याचं रडगाणं नाही. बायपोलर असलेल्या माणसांचं आयुर्मान इतरांपेक्षा सरासरी कित्येक वर्षांनी कमी भरतं आणि त्यामागे हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. वाढलेलं वजन, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल हे तुमच्या आजाराच्या उपचाराचेच विषय आहेत. मनोविकारतज्ज्ञाने वजनकाटा वापरला नाही तर त्याचं काम अर्धंच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही तुमच्या जिवाचीच तक्रार करताय.

तुमच्या तक्रारी मी एकेक करून घेते, कारण 'गोळ्यांमुळे' या एका शब्दाखाली तुम्ही सगळं एकाच गाठोड्यात बांधलंय. प्रत्येकीचं कारण निराळं आहे आणि उपायही निराळा.

थरथर. लिथियमची थरथर बारीक आणि जलद असते. हात मांडीवर पडलेले असताना फारशी जाणवत नाही, काही धरायला किंवा लिहायला गेलं की दिसते आणि कुणी बघतंय म्हटलं की वाढते. म्हणून घरी वहीत लिहिताना बरी आणि फळ्यासमोर वाईट. पातळी तपासून डोस खाली आणता आला तर बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. नाहीतर प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी कमी मात्रेत देतात. ती बीपीवरही चालते, त्यामुळे तुमच्या बाबतीत दोन्ही डॉक्टरांनी मिळून विचार करण्यासारखी आहे. दमा असेल तर मात्र चालत नाही, तसं असेल तर आवर्जून सांगा. चहा-कॉफीने थरथर वाढते, पण ती एका दिवसात तोडू नका. कॅफिन लिथियमला बाहेर काढत असतं, ते एकदम थांबलं की पातळी चढते. फळ्यावर मनगट टेकवून मोठं अक्षर काढलं तर हात स्थिर राहतो. बँकेत जाऊन नमुना सही नव्याने देऊन या, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि मुलं हसतात त्यावर सांगायचं तर, 'माझ्या एका औषधाने हात थरथरतो' एवढं एक वाक्य वर्गात सरळ आवाजात सांगून पुढचा धडा काढता येतो. कोणतं औषध, कशासाठी, हे कुणाला सांगायला तुम्ही बांधील नाही. न सांगायचं ठरवलंत तरी तेही बरोबरच.

तहान आणि रात्रीची लघवी. लिथियममुळे मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवायची क्षमता कमी होते, म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान. या क्रमाने बघा, कारण घरातले उलटं समजतात आणि 'पाणी कमी पी, म्हणजे उठावं लागणार नाही' असा सल्ला देतात. तो ऐकू नका. पाणी तोडलं की लिथियम चढतं. तहान साध्या पाण्याने भागवा. गोड पेयांनी भागवणाऱ्यांचं वजनही वाढतं आणि दातही किडतात. डॉक्टरांना नुसतं 'खूप लघवी होते' असं सांगू नका. एक दिवस-रात्र मोजून ठेवा आणि आकडा सांगा. चोवीस तासांत तीन लिटरच्या वर गेली तर ती खरोखर जास्त. लिथियम दिवसातून दोनदा घेत असाल तर ते रात्री एकदाच घेता येईल का, असं विचारा. बऱ्याच जणांना त्याने फरक पडतो. अमिलोराइड नावाची गोळीही काही रुग्णांना देतात, तिच्यासोबत रक्ततपासण्या वाढवाव्या लागतात.

पण थांबा. तहान, वारंवार लघवी आणि वाढलेलं वजन या तिन्हींचं आणखी एक सरळ कारण असू शकतं, मधुमेह. क्वेटियापिनने साखर वाढू शकते. सगळं खापर लिथियमवर फोडण्याआधी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. ६.५ टक्के किंवा त्यावर आलं तर तो मधुमेह, ५.७ ते ६.४ आलं तर उंबरठा. सोबत कोलेस्टेरॉलही.

क्रिएटिनिन. इथे तुम्ही फार हुशारीने दोन आकडे शेजारी ठेवलेत. रिपोर्ट छापणाऱ्या यंत्राला पाच वर्षांपूर्वीचा आकडा माहीत नसतो, म्हणून ते दोन्ही वेळा 'नॉर्मल' छापतं. ईजीएफआर काढला, म्हणजे मूत्रपिंडं किती गाळतायत त्याचा अंदाज, की चित्र बदलतं. तुमच्या वयाच्या बाईचं ०.८ म्हणजे ईजीएफआर नव्वदीच्या आसपास. १.१ म्हणजे साठीच्या थोडा वर. ही घसरण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. घाबरून लिथियम फेकून देण्यासारखीही नाही, कारण पेनकिलर, बीपीची काही औषधं आणि पाणी कमी पडणं यांनीही क्रिएटिनिन चढतं आणि कारण दूर केल्यावर पुष्कळदा उतरतं. पेनकिलर थांबवून, बीपीची गोळी ठीक करून काही आठवड्यांनी पुन्हा मोजा. तरीही घसरण दिसली तर मूत्रपिंडतज्ज्ञांचं मत घ्या. वर्षानुवर्षं लिथियम घेणाऱ्यांत काहींची मूत्रपिंडं हळूहळू मंदावतात, हे खरं आहे. त्यांतल्या बहुतेकांवर डायलिसिसची वेळ येत नाही, हेही तितकंच खरं. पण लक्ष ठेवल्याशिवाय आपण कुठल्या बाजूला आहोत ते कळत नाही.

थायरॉइडबद्दल फार लिहीत नाही. लिथियमने थायरॉइड मंदावणं सर्रास घडतं, बायकांत अधिक. गोळी उपाशीपोटी घ्यायची, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सहा महिन्यांनी बघायचं, एवढ्यावर निभतं. त्यापायी लिथियम सोडावं लागत नाही. रक्त देतच आहात तर कॅल्शियमही लिहून घ्या. लिथियमने काहींच्या पॅराथायरॉइड ग्रंथी (गळ्यातल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या) जास्त काम करू लागतात, कॅल्शियम चढतं, आणि थकवा, बद्धकोष्ठता, उदास वाटणं अशा लक्षणांवरून ते ओळखूच येत नाही. लोकांना वाटतं डिप्रेशन परतलं.

आता वजन, ज्याच्यावरून जावेने टोमणा मारला. ती म्हणते ते अर्धं बरोबर आहे, बोलायची पद्धत पूर्ण चूक. एकोणीस किलो याच सहा वर्षांत वाढले आणि क्वेटियापिनही याच सहा वर्षांतली, यावरून माझा पहिला संशय लिथियमपेक्षा तिच्यावर जातो. तिने भूक वाढते, विशेषतः रात्री गोळी घेतल्यानंतरची. 'तोंडावर ताबा नाही' म्हणून तुम्ही स्वतःला कोसत असाल तर ते थांबवा. मेंदूतल्या भुकेच्या रसायनांवरच औषध काम करतं, तिथे निर्धार कितीसा पुरणार. तुमच्या हातात आहे ते असं: गोळी घेतली की अर्ध्या तासात झोपायला जायचं, जागत बसायचं नाही. डॉक्टरांच्या हातात याहून पुष्कळ आहे. क्वेटियापिन अजून लागते का, कमी मात्रेत चालेल का, वजन कमी वाढवणारं दुसरं औषध घेता येईल का, हे प्रश्न सहा वर्षांनी विचारलेच पाहिजेत. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी औषधांमुळे वाढलेल्या वजनावरही देतात, मूत्रपिंडाचा आकडा बघून. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहेत. ती काहींना उपयोगी पडतात, पण त्यांनी उलट्या-जुलाब झाले तर शरीरातलं पाणी जातं, आणि लिथियमच्या रुग्णाला त्याचा अर्थ काय हे आता तुम्हाला माहीत आहे. तोच धोका उपाशी राहून, घाम गाळून महिन्यात दहा किलो उतरवण्याच्या सगळ्या कार्यक्रमांना. रोज चाला, गुडघ्यांना झेपेल तेवढंच. पण एकोणीस किलो चालून जातील असं खोटं आश्वासन मी देणार नाही.

शरीरसंबंधांची इच्छा कमी होणं, पाळी पुढे-मागे होणं, केस गळणं, ओठ किंवा जिभेची आपोआप होणारी हालचाल, यांतलं तुम्ही काही लिहिलेलं नाही. असेल तर यादीत घाला. शेवटच्या दोन गोष्टी तर नक्कीच. ओठ-जिभेची हालचाल लवकर लक्षात आली तर पुष्कळ करता येतं.

आयुष्यभर हे असंच सोसायचं का? नाही, हे असंच नाही. पण काही उरेल. थरथर कमी होईल, कदाचित पूर्ण जाणार नाही. रात्री चारऐवजी दोनदा उठावं लागेल. औषध बदलायचं ठरलं तर दुसरीकडचा हिशेब बघावा लागेल. बायपोलरवरच्या व्हॅलप्रोएट या दुसऱ्या औषधाने वजन वाढतं, केस जातात, हातही थरथरतात आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मूल होण्याची शक्यता संपलेली नसते आणि गर्भावर त्याचे परिणाम फार गंभीर होतात, त्यामुळे तो रस्ता तुमच्यासाठी मला फारसा पसंत नाही. लॅमोट्रिजिन या आणखी एका औषधाने सहसा वजन वाढत नाही, पण त्याचं बळ डिप्रेशन रोखण्यात जास्त आणि मेनिया रोखण्यात कमी. तुमचं शेवटचं दुखणं मेनियाचं होतं. कोणता त्रास चालेल आणि कोणता अजिबात नको, हे डॉक्टर परस्पर ठरवू शकत नाहीत. कुणाला वजन चालतं पण हात थरथरलेला चालत नाही, कुणाचं उलटं. शिक्षिकेचं आणि हिशेबनिसाचं उत्तर एक नसतं. तुमचं उत्तर कागदावर लिहून न्या. आणि ज्या शरीराची सवय होती ते राहिलं नाही, याचं दुःख होत असेल तर होऊ द्या. डोकं जाग्यावर आहे म्हणून त्या दुःखाचा हक्क जात नाही.

भेटीला जाताना मोठी वेळ मागून घ्या. बसल्या बसल्या पहिलं वाक्य तुमचं असू दे: 'आज मला मूडबद्दल नाही, शरीराबद्दल बोलायचंय.' सोबत एक कागद, त्यावर सगळ्या औषधांची नावं, मात्रा आणि कधी सुरू झाली ते. पेनकिलर, ॲसिडिटीची गोळी, केसांसाठी घेतलेलं चूर्ण, काही वगळू नका. खाली पाच वर्षांचे क्रिएटिनिन, टीएसएच, वजन आणि बीपी एका रेघेत. त्याची एक प्रत फॅमिली डॉक्टरांच्या फाइलमध्ये. बाजूला तुमच्या तीन तक्रारी, सर्वांत नकोशी सर्वांत वर. ऐकून घेतलं नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घेणं ही गद्दारी नाही. जुनी फाइल मात्र घेऊन जा.

आणि मिस्टरांना बरोबर न्या. गोळ्या कशाला हव्यात हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांनाच विचारू दे आणि उत्तर तुमच्यासमोर मिळू दे. दुखणं उलटायला लागतं तेव्हा पहिली चाहूल बहुधा त्यांनाच लागत असेल: तुम्ही पहाटे तीनला उठून कपाट आवरायला काढता, बोलण्याचा वेग वाढतो, एरवी न होणारी खरेदी होते, की आणखी काही. ते त्यांनी डॉक्टरांना त्यांच्या शब्दांत सांगावं आणि यांतलं काय दिसल्यावर कुणाला फोन करायचा ते तिघांनी तिथेच ठरवून घ्यावं. एखादी गोळी कमी करायचा निर्णय झाला, तर तो या भेटीत, हे ठरल्यानंतरच.